भीमेच्या खोऱ्यातला सरखेल

(शिरूर व दौंड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही दोन्ही गावे आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातील. आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की आवर्तन, बंधारा आणि टँकर हे शब्द ओठांवर येतात. भरती-ओहोटीशी आपला संबंध सहलीपुरता. अशा गावांत सागरी संरक्षणावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर तो स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच नदीच्या काठी सापडते. खेड तालुक्यातील काळूस हे गाव आणि त्या परिसरातील आंगरवाडी ही वस्ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिथे संकपाळ आडनावाचे एक मराठा घराणे नांदत होते. या वाडीवरून ते पुढे आंग्रे म्हणून ओळखले जाऊ लागले. याच घराण्यातील कान्होजी आंग्रे यांनी तीस वर्षांहून अधिक काळ कोकण किनाऱ्याची राखण केली. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चौघांनाही ते पुरून उरले. दर्यावर हुकमत गाजवणारा हा पुरुष मुळात भीमेच्या खोऱ्यातला, म्हणजे तुमच्या-आमच्यातलाच.

आज त्यांच्या जीवनाचा आढावा घेताना मला एकच गोष्ट आपल्यासमोर ठेवायची आहे. किनारा राखला जातो तो केवळ जहाजांच्या बळावर नव्हे. किनाऱ्यावरचा पहारेकरी आणि घाटावरची सत्ता जोवर एकमेकांच्या पाठीशी उभी असते, तोवरच किनारा सुरक्षित राहतो. कान्होजींचे यश या सूत्रात आहे आणि त्यांच्या पश्चात जे घडले ते अपयशही याच सूत्रात आहे.

१६८९ : अंधाराचे वर्ष

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या सेवेत होते. त्या सेवेमुळेच हे घराणे घाट उतरून कोकणात गेले. कान्होजींचे बालपण हर्णैच्या समुद्रातील सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. देशावरच्या कुळातला हा मुलगा कोळ्या-भंडाऱ्यांच्या मुलांबरोबर वाढला. वारा कसा ओळखावा, खडक कुठे लपलेले असतात, ओहोटीला कोणत्या खाडीत किती पाणी उरते, हे तो पोथी वाचून शिकला नाही.

ते वीस वर्षांचे झाले, ते वर्ष होते १६८९. शिरूर-दौंडच्या श्रोत्यांना या वर्षाचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. संगमेश्वर येथे पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना भीमाकाठच्या पेडगावच्या बहादूरगडावर आणले गेले. दौंडकरांच्या दृष्टीने तो नदीपलीकडचा किल्ला. आज त्याला धर्मवीरगड म्हणतात. मार्च महिन्यात तुळापूर-वढूच्या परिसरात महाराजांचे बलिदान झाले. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातच आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला. राजाराम महाराजांनी दक्षिणेत जिंजीचा मार्ग धरला. राजधानी गेली, खजिना गेला, मोगली फौजा मुलूखभर पसरल्या. अशा वेळी कोकणातील एकेकटे जलदुर्ग कोणाच्या भरवशावर लढणार होते?

सुवर्णदुर्गाची एक कथा परंपरेने सांगितली जाते. सिद्दीचा वेढा पडला असता किल्लेदार अचलोजी मोहिते शत्रूला फितूर होण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींना ते कळले. त्यांनी शिबंदी आपल्या बाजूला वळवली, किल्लेदाराला दूर केले आणि किल्ला लढवला. तपशील थोडेफार निरनिराळे सांगितले जातात, परंतु सार एकच आहे. वरून आज्ञा येण्याची वाट न पाहता ज्याने आपल्या जागी उभे राहून किल्ला राखला, तो पुढे आरमाराचा प्रमुख झाला. सिधोजी गुजर यांच्या मृत्यूनंतर, १६९८ च्या सुमारास, कान्होजींकडे ‘सरखेल’ हे पद आले. सरखेल म्हणजे आरमाराचा सेनापती. अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला त्यांचे मुख्य ठाणे बनला. हा किल्ला बांधण्याचे काम शिवछत्रपतींनी १६८० मध्ये सुरू केले होते आणि संभाजी महाराजांनी ते पूर्णत्वास नेले होते.

गुराब, गलबत आणि खाडी

कान्होजींचे आरमार म्हणजे युरोपातील जहाजांची नक्कल नव्हती. त्यांचा मुख्य भर गुराब आणि गलबत या दोन प्रकारांवर होता. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे. तिचा तळ उथळ असल्याने ती खाडीत शिरू शकत असे आणि तिच्या नाळेवरून पुढच्या दिशेने तोफा डागता येत. गलबत त्याहून लहान. ते शिडांवर चाले आणि वल्ह्यांवरही. वारा पडला की इंग्रजांचे अवाढव्य जहाज जागच्या जागी खिळून बसे. त्याच वेळी वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीस आणीत. जहाजाच्या मोठ्या तोफा त्याच्या दोन्ही बाजूंना असत; पिछाडीला त्यांचा मारा पोहोचत नसे. तेथून शिडे आणि डोलकाठ्या निकामी करायच्या, मग माणसे वर चढवायची. उलट शत्रू भारी पडतो असे दिसले तर सरळ खाडी गाठायची. मोठ्या जहाजाला उथळ पाण्यात पाठलाग करता येत नसे आणि खाडीच्या तोंडाशी किल्ल्याच्या तोफा त्याची वाट पाहत असत.

किल्ला, खाडी आणि जहाज यांची ही जोडणी शिवछत्रपतींच्या आरमारी धोरणातून आलेली होती. कान्होजींच्याच काळात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. पावसाळ्यात जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने कुठे ठेवावीत, त्यांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात का लावू नये, इथपर्यंत त्यात विचार केलेला आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेल्या गोदीचे अवशेष आजही पाहता येतात.

या आरमारावर कोण होते? कोळी, भंडारी, गाबीत आणि किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी. शिवछत्रपतींच्या काळात खांदेरीच्या रक्षणासाठी मायनाक भंडारी आणि दौलतखान खांद्याला खांदा लावून लढले होते. तोच वारसा कान्होजींनी पुढे चालवला. ज्यांचे पोट समुद्रावर होते त्यांनाच त्यांनी समुद्राचे रक्षक केले. मासेमारीची होडी हीच त्यांची पहिली चौकी होती.

चाचा कोण?

मी पत्रकार आहे. शब्द कोण वापरतो आणि कोणासाठी वापरतो, हे पाहण्याची सवय मला व्यवसायाने लावली. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजींना जागोजागी समुद्री चाचा म्हटले आहे. पुढे अनेक वर्षे इंग्रजी पुस्तकांतून तोच शब्द वाचला गेला आणि आपल्यापैकीही काहींनी तो मुकाट्याने स्वीकारला.

वस्तुस्थिती काय होती? आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलाचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा आणि त्याचे शुल्क द्यावे, असा कान्होजींचा नियम होता. दस्तक नसेल तर जहाज अडवले जाई. हा नियम त्यांनी नव्याने शोधलेला नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हिंदी व्यापाऱ्यांना परवान्यावाचून त्यांच्याच समुद्रात फिरू देत नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीही स्वतःचे परवाने देत असे. पोर्तुगिजांनी दिला तर तो कायदा, कंपनीने दिला तर तो व्यवहार आणि मराठ्यांनी मागितला तर ती चाचेगिरी! कंपनीशी खटका उडण्याचे एक मोठे कारण हेच होते, की देशी व्यापाऱ्यांचा माल कंपनीच्या निशाणाखाली नेऊन सरखेलाचे शुल्क बुडवले जात असे.

मुंबईचा गव्हर्नर फिप्स याने १७२४ मध्ये कान्होजींना पत्र लिहून, लुटीवर चालणारे राज्य टिकत नाही, असा उपदेश केला होता. कान्होजींनी त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. लाभाची इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, तो जगाचाच रिवाज आहे. आणि आमचे राज्य जबरदस्तीवर चालते असे म्हणणे व्यापाऱ्यांना शोभत नाही, कारण चार पातशाह्यांशी झुंजून शिवाजी महाराजांनी हे राज्य उभे केले आहे, असा त्याचा आशय होता. या उत्तरात संताप नाही. एका राज्याच्या अधिकाऱ्याचा आत्मविश्वास आहे. अर्थात अडवलेल्या प्रत्येक जहाजावरचा व्यापारी दोषीच होता, असे म्हणण्याचे कारण नाही. युद्धकाळात जरब बसवताना निरपराधही भरडले जातात. परंतु राज्याच्या वतीने, राज्याच्या पदावरून, जाहीर नियमाने केलेली कारवाई आणि दरोडा यांत फरक असतो, एवढे तरी आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

वळवणची भेट

आता मी त्या सूत्राकडे येतो. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि स्वराज्यात दुफळी माजली. कान्होजी महाराणी ताराबाईंच्या बाजूला होते. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले. कान्होजींनी बहिरोपंतांचा पराभव करून त्यांनाच कैद केले आणि लोहगडासह घाटमाथ्यावरची ठाणी घेतली. मराठी राज्याचा सरखेल मराठी राज्याच्याच राजधानीवर चालून जाणार, अशी वेळ आली. हे घडले असते तर शत्रूंना समुद्रावर एक गोळीही झाडावी लागली नसती.

या प्रसंगी बाळाजी विश्वनाथ पुढे आले. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी त्यांना पुण्याजवळच्या मांजरी येथे पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. दौंडहून पुण्याला जाताना रेल्वेगाडी ज्या मांजरीवरून जाते, तीच ही मांजरी. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे. कोकणातला माणूस देशावर येऊन पेशवा झाला होता आणि देशावरचा माणूस कोकणात जाऊन सरखेल झाला होता. दोघेही ब्रह्मेंद्रस्वामींना मानणारे. लोणावळ्याजवळ वळवण येथे दोघांची भेट झाली. बाळाजीपंतांनी तलवार उपसली नाही. घरात भांडत राहिलो तर किनारा सिद्दी आणि टोपीकर वाटून घेतील, हे दोघांनाही उमगत होते. १७१४ च्या आरंभी तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले, बहिरोपंतांना मुक्त केले आणि राजमाची वगळता जिंकलेली ठाणी परत दिली. त्यांचे सरखेलपद कायम झाले आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. दोघांनीही थोडे सोडले, म्हणून दोघांचेही राखले गेले.

अलिबागचा रणसंग्राम

या समेटाची फळे पुढील दहा वर्षांत दिसली. मुंबईकर इंग्रजांना कान्होजींचा धाक आधीपासूनच होता. १७१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली होती. त्या लढाईत कंपनीच्या कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याच्या पत्नीला तीस हजार रुपये खंडणी घेऊन सोडण्यात आले. १७१५ च्या अखेरीस आलेला गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजींचा बीमोड करण्याचा चंगच बांधला. मुंबईभोवती तट उभारला, नवी लढाऊ जहाजे बांधली. १७१८ मध्ये खांदेरीवरचा त्याचा हल्ला फसला. १७२० मध्ये विजयदुर्गावर त्याने एक तरता तोफखाना नेला. तोही निष्फळ ठरला.

मग १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी हात मिळवले. कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाची चार जहाजे घेऊन आला होता. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीने मोहिमेवर आला. सुमारे सहा हजारांची संयुक्त सेना चौलकडून अलिबागवर चालून गेली. एकट्या आरमाराला हे संकट पेलणारे नव्हते. पण आता सरखेल एकटे नव्हते. शाहू महाराजांची फौज घाट उतरली. तरुण पेशवे बाजीराव आले, पिलाजी जाधव आले. नगर रस्त्यावरची वाघोली हे या पिलाजीरावांचे गाव. शिरूरहून पुण्याला जाताना आपण रोज ते ओलांडतो. डिसेंबरच्या अखेरीस इंग्रजांनी तटाला शिड्या लावल्या, त्या उलथल्या गेल्या. मराठी घोडदळ पोर्तुगिजांच्या बगलेवर तुटून पडले, त्यांची फळी मोडली आणि इंग्रजांनाही मागे हटावे लागले. मॅथ्यूज स्वतः भाल्याने जखमी झाला. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी इंग्रजांना न विचारता मराठ्यांशी तह करून टाकला. दोन युरोपीय सत्तांची युती मोडली, ती देशावरच्या घोड्याने आणि कोकणातल्या गलबताने मिळून मोडली. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर आरमार आणले. तेही रिकाम्या हाताने परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे देहावसान झाले. त्यांची समाधी अलिबागला आहे.

आपल्याच हाताने

इथवरची कथा ऐकून अभिमान वाटतो. पुढची कथा अंतर्मुख करणारी आहे. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये निवर्तले आणि भाऊबंदकी सुरू झाली. दौलतीची वाटणी झाली. मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाकडे. संभाजीनंतर तुळाजी आले. तुळाजी पराक्रमी होते, परंतु कोणाला जुमानत नव्हते. पेशव्यांच्या मुलखालाही त्यांच्यापासून उपद्रव होत होता. ज्या ठिकाणी बाळाजी विश्वनाथांनी संवाद केला असता, त्या ठिकाणी त्यांचे नातू नानासाहेब पेशवे यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला गेला. ज्या किल्ल्यावर तरुण कान्होजींनी सिद्दीचा वेढा मोडला होता, तो आता मराठ्यांनीच इंग्रजांच्या तोफांपुढे ठेवला. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या एका जहाजाला गोळ्याने आग लागली. ती दाटीने उभ्या असलेल्या गुराबांना आणि गलबतांना लागली. अर्धशतकाहून अधिक काळ किनारा राखणारे आरमार बंदरातच जळून खाक झाले.

हाच क्लाइव्ह पुढे बंगालमध्ये गेला. २३ जून १७५७ रोजी प्लासी झाली. विजयदुर्ग आणि प्लासी यांच्यात जेमतेम सोळा महिन्यांचे अंतर आहे. दोष तुळाजींचा किती आणि नानासाहेबांचा किती, याची वाटणी इतिहासकार करोत. आपण एवढे लक्षात घ्यावे, की घरातील तंटा मिटवण्यासाठी दाराबाहेरच्याला बोलावले, तर तो तंट्याबरोबर घरही घेऊन जातो.

आजचा पहारा

स्वतंत्र भारताने कान्होजींचे स्मरण ठेवले. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव मिळाले. खांदेरी बेट १९९८ पासून कान्होजी आंग्रे बेट म्हणून ओळखले जाते. १९७७ मध्ये भारतीय तटरक्षक दल उभे राहिले, १९७८ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि व्हाइस अ‍ॅडमिरल कामत त्याचे पहिले महासंचालक झाले. ‘वयं रक्षामः’ हे या दलाचे ब्रीद आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तीन किल्ले कान्होजींच्या कर्तृत्वाशी जोडलेले आहेत.

परंतु सन्मान वेगळा आणि सावधपणा वेगळा. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरवली गेली. ती घाटमार्गाने आणि रस्त्याने मुंबईत पोहोचली आणि १२ मार्चला २५७ माणसे मृत्युमुखी पडली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका बळकावून मुंबईजवळ आले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. तेथील काही कोळी बांधवांनी त्यांना हटकले होते. म्हणजे पहिली चौकी जागी होती. तिचा आवाज वेळेत पुढे पोहोचवणारी साखळी मात्र नव्हती. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, प्रादेशिक समुद्रातील सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे सोपवली गेली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, त्यांच्याशी संवाद वाढला. कोळ्याला पहारेकरी मानण्याची कान्होजींची रीत आपल्याला १६६ प्राण गमावल्यावर आठवली.

मित्रहो, यात शिरूर-दौंडचे काम कोणते? दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. खाकी गणवेश आपल्या घराघरांत परिचयाचा आहे. सैन्यात भरती होण्याचे स्वप्न आपली मुले पहाटे रस्त्यावर धावत पाहत असतात. त्यांना तटरक्षक दलाची वाटही दाखवा. मुलाने समुद्र पाहिलेला नाही, ही सबब होऊ शकत नाही. तुकोजी आंग्र्यांच्या घराण्यानेही घाट उतरल्यावरच समुद्र आपलासा केला. अलिबागला सहल जाईल तेव्हा वाळूत खेळून परत येऊ नका. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. तिथे मुलांना घेऊन जा, समाधीपुढे घटकाभर थांबा आणि १७१४, १७२१ व १७५६ या तीन सालांचा अर्थ त्यांना समजावून सांगा. पहिल्या साली आपण एकत्र आलो, दुसऱ्या साली एकत्र लढलो आणि तिसऱ्या साली एकमेकांविरुद्ध उभे राहिलो. पहिल्या दोन सालांचे फळ स्वराज्याने भोगले. तिसऱ्याचे फळ पुढे अवघ्या देशाला भोगावे लागले.

किनाऱ्यावर जागणारा माणूस आपल्यासाठी जागतो आहे, ही जाणीव घाटावरच्या प्रत्येक घरात रुजावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.